आधी सत्ता, मग पक्ष: प्रिमो दे रिव्हेराने मुसोलिनीकडून नेमकं काय घेतलं?

ओसरीवरचा

स्पेनचा हुकूमशहा म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, फ्रँको. त्याच्या आधी तिथे आणखी एक लष्करी हुकूमशाही येऊन, सहा वर्षांहून थोडी अधिक टिकून, गेलीसुद्धा होती हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. तो हुकूमशहा म्हणजे जनरल मिगेल प्रिमो दे रिव्हेरा. १३ सप्टेंबर १९२३ रोजी, कातालोनियाचा कॅप्टन-जनरल, म्हणजे तिथला लष्करप्रमुख, असताना, त्याने बार्सिलोनात बंड पुकारलं. राजा तेराव्या आल्फोन्सोने ते मोडून काढायचं सोडून त्यालाच माद्रिदला बोलावलं आणि सरकार त्याच्या हाती दिलं.

मुसोलिनीचा रोमवरचा मोर्चा ऑक्टोबर १९२२ चा. म्हणजे मधे वर्षसुद्धा गेलं नव्हतं. त्यात नोव्हेंबर १९२३ मध्ये राजा आणि जनरल जोडीने इटलीच्या दौऱ्यावर गेले, आणि तिथे राजाने 'हा माझा मुसोलिनी' अशी त्याची ओळख करून दिल्याचं सांगितलं जातं. या एका वाक्यावर बऱ्याच जणांनी निकाल लावून टाकलाय: स्पेनने इटलीची नक्कल केली. मला हे अर्धंच पटतं.

बंडाची कारणं अस्सल घरची होती. १९२१ मध्ये मोरोक्कोतल्या रिफ डोंगरांत, अनुआलला, अब्द-अल-करीमच्या लोकांनी स्पॅनिश फौजेची दाणादाण उडवली. थोड्याच दिवसांत हजारो सैनिक मेले. जबाबदार कोण, ही चौकशी संसदेच्या दारात येऊन ठेपली होती आणि बोट राजवाड्याकडे वळेल अशी धास्ती होती. इकडे बार्सिलोनात कारखानदारांचे आणि कामगार संघटनांचे बंदूकधारी एकमेकांना भर रस्त्यात टिपत होते. मार्च १९२३ मध्ये अराजकवादी कामगारांचा पुढारी साल्वादोर सेगी मारला गेला, जूनमध्ये सारागोसाच्या कार्डिनलचा खून झाला. गिरणीमालकांना कोणीतरी दंडुकेवाला हवाच होता. जाहीरनामा काढून सरकार उलथवण्याची तर स्पॅनिश सैन्याला एकोणिसाव्या शतकापासूनची खोड. देशाला लोखंडी हाताचा शस्त्रवैद्य लागेल, ही विचारवंत होआकिन कोस्ताची कल्पनाही मुसोलिनीचं नाव कोणी ऐकण्याआधीची.

आता एक तारखांची गंमत बघा. सप्टेंबर १९२३ मध्ये मुसोलिनी हा आघाडी सरकारचा पंतप्रधान होता. संसद चालू होती, विरोधकांची वर्तमानपत्रं निघत होती. समाजवादी खासदार मात्तेओत्तीचा खून जून १९२४ चा, आणि 'जे झालं त्याची जबाबदारी माझी' हे मुसोलिनीचं संसदेतलं भाषण ३ जानेवारी १९२५ चं. खरी हुकूमशाही त्यानंतरची. प्रिमोने मात्र आल्या आल्या राज्यघटना गुंडाळली, संसद बरखास्त केली, देशभर लष्करी कायदा आणि सेन्सॉर लावला. घटना मोडण्यात स्पेन इटलीच्या पुढे होतं. मग इटलीकडून घेतलं काय?

घेतलं ते सत्ता मिळाल्यानंतर, आणि सुट्या भागांसारखं. आल्याबरोबर कातालोनियातली 'सोमातेन' ही जुनी नागरी शिबंदी त्याने देशभर लागू केली. मुसोलिनीने त्याच वर्षी आपल्या काळ्या डगलेवाल्यांची सरकारी मिलिशिया केली होती, ते डोळ्यांसमोर असणारच. पण इटलीतली पोरं विरोधकांना एरंडेल पाजत हिंडत होती, आणि सोमातेनमध्ये होते गावोगावचे पोटभरू जमीनदार आणि दुकानदार, वर लष्कराचा अंमल. रविवारची कवायत झाली की मंडळी जेवायला घरी.

१९२४ च्या वसंतात आला पक्ष, 'उनिओन पात्रिओतिका', म्हणजे देशभक्त संघ. पितृभूमी, धर्म, राजा ही त्रिसूत्री. हा पक्ष उभा कसा केला? वरून गव्हर्नरांना हुकूम सुटले. त्यांनी नगराध्यक्षांना सांगितलं, नगराध्यक्षांनी सरकारी नोकरांना. ज्यांना परवाना, कंत्राट किंवा खुर्ची हवी होती ते आपणहून आले. जुन्या राजकारणातले गावगुंड हटवण्याच्या नावाखाली आलेल्या पक्षात तेच गावगुंड नव्या बिल्ल्यासह हजर!

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. मुसोलिनीकडे आधी टोळ्या होत्या, मग पक्ष झाला, मग सत्ता आली. प्रिमोकडे आधी छावणी आणि राजा, मग सत्ता, आणि शेवटी पक्ष. त्यामुळे त्याच्या पक्षाला कोणावर चालून जाता येत नव्हतं, कोणाला वाचवताही येत नव्हतं. जानेवारी १९३० मध्ये पेसेटा कोसळलेला, विद्यार्थी रस्त्यावर, तोफखान्याचे अधिकारी दुखावलेले. अशा वेळी आपण अजून हवे आहोत का, हे त्याने देशातल्या कॅप्टन-जनरलांनाच विचारलं. उत्तरं गुळमुळीत आली. २८ जानेवारीला त्याने राजीनामा दिला आणि १६ मार्चला पॅरिसमध्ये तो वारला. त्याच्यासाठी रस्त्यावर एकही देशभक्त संघवाला उतरला नाही.

मजूरमंत्री एदुआर्दो औनोसची कामगार समित्यांची भानगड आणि १९२७ ची नेमलेली 'राष्ट्रीय सभा' प्रतिसादांत घेऊ. इथेच फार लांबलं.

पाटावरवंटा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर. एवढंच सांगा, याचा त्या फालांखेवाल्या प्रिमो दे रिव्हेराशी काय संबंध?

ओसरीवरचा

@पाटावरवंटा, मुलगा. होसे आंतोनिओ, 'फालांखे' या स्पेनमधल्या फॅसिस्ट पक्षाचा संस्थापक. बापाला न जमलेली गोष्ट करायला निघालेला. त्याच्यावर खाली येतोच.

शंकासुर

लेख माहितीपूर्ण आहे, पण 'सुटे भाग' हे मला मान्य नाही. ज्या एका गोष्टीला सगळे इटालियन म्हणतात ती म्हणजे औनोसची १९२६ ची कॉर्पोरेट व्यवस्था. मालक आणि कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींच्या समित्या, अध्यक्ष सरकारी, तंट्याचा निकाल तिथेच. आता ही कल्पना काय मुसोलिनीची? १८९१ च्या पोपच्या 'रेरुम नोवारुम' परिपत्रकापासून कॅथलिक मंडळी मालक-मजूर सहकार्याच्या गोष्टी करत होती. औनोस स्वतः त्याच मुशीतला.

दुसरं, इटलीत समाजवाद्यांच्या संघटना जाळल्या, पुढारी तुरुंगात किंवा परदेशात. स्पेनमध्ये समाजवाद्यांची 'उखेते' ही कामगार संघटना या समित्यांत मानाने बसत होती! तिचा सरचिटणीस लार्गो काबायेरो १९२४ मध्ये राज्य परिषदेचा सदस्य झाला. पुढे गृहयुद्धात प्रजासत्ताकाचा पंतप्रधान झाला तोच हा माणूस. फॅसिझममध्ये हे बसतं का?

ओसरीवरचा

@शंकासुर, समाजवाद्यांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मूळ लेखातच यायला हवा इतका महत्त्वाचा. पण कॅथलिक मूळ मान्य करूनही एक प्रश्न उरतो: नेमकं १९२६ मध्येच का? एप्रिल १९२६ मध्ये इटलीत रोक्कोचा कायदा आला, संप बेकायदा ठरले, फॅसिस्ट संघटना सोडून कोणाला मान्यता उरली नाही. त्याच वर्षी औनोस इटलीला जाऊन तिथली व्यवस्था बघून आला, कॉर्पोरेशन खात्याच्या बोत्ताईला भेटला. नोव्हेंबरमध्ये स्पेनचा कायदा निघाला. विचार घरात असेल, पण तो कायद्यात उतरवायची हिंमत आणि आराखडा तिकडून आला.

आणि उतरवताना त्यातला डंख काढला गेला. का? कारण प्रिमोचा खरा शत्रू होता अराजकवाद्यांची 'सेनेते'. तिला चेपायचं तर समाजवाद्यांना जवळ घेणं सोयीचं. मुसोलिनी स्वतः समाजवादी पक्षातून फुटलेला, त्याला समाजवाद्यांशी जुना हिशेब चुकता करायचा होता. जेरेझच्या या लष्करी घराण्यातल्या जनरलला तसला कसला हिशेबच नव्हता.

मर्यादाही तशीच. कारखान्यांत समित्या आल्या, पण शेतीत न्यायचं म्हटल्यावर दक्षिणेतले बडे जमीनदार आडवे आले आणि बेत बारगळला. इकडे कारखानदारही कुरकुरू लागले, की मजुरांच्या बाजूने निकाल फार लागतात. हुकूमशहाने ज्यांच्यासाठी दंडुका उचलला तेच त्याला कंटाळले.

मांडवीतीर

वाचतेय. आमच्या गोंयच्या लोकांना हा विषय परका नाही हो. सालाझारने १९३३ मध्ये नवी घटना आणली आणि त्याच सप्टेंबरात राष्ट्रीय श्रम संहिता काढली, ती सरळसरळ मुसोलिनीच्या १९२७ च्या श्रम सनदेवर बेतलेली. तो तर प्राध्यापक, ना टोळ्या ना छावणी, आणि त्याचा पक्षही सरकारनेच स्थापलेला, तुमच्या देशभक्त संघासारखाच. तरी त्याची राजवट १९७४ पर्यंत चालली, त्यातली १९६१ पर्यंतची आम्ही भोगली. लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागायचा असं आजी सांगायची. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभा घेतली ती याच राजवटीत. म्हणून तुमचं 'आधी सत्ता मग पक्ष म्हणून कोसळला' हे मला घाईचं वाटतं.

ओसरीवरचा

मांडवीतीरताई, छान अडवलंत. फरक मला असा दिसतो: सालाझारने पक्षाकडून काही अपेक्षाच ठेवली नाही. त्याचं राज्य खजिना, पोलीस आणि चर्च यांच्यावर उभं होतं. प्रिमोला मात्र १९२५ च्या डिसेंबरात लष्करी मंडळ मोडून मुलकी सरकार केल्यावर लष्करापासून सुटं व्हायचं होतं. त्या जागी भरायला त्याच्याकडे हा पोकळ पक्षच होता. १९२७ मध्ये राष्ट्रीय सभा भरवली, तिने १९२९ मध्ये घटनेचा मसुदाही केला, पण तो राजाला नको, विरोधकांना नको, खुद्द प्रिमोलाही फारसा आवडला नाही.

टेकडीचं टोक

धागा छान चाललाय म्हणून विचारतो. मुसोलिनीचा प्रभाव म्हणायचा तर बाळकृष्ण शिवराम मुंजे १९३१ मध्ये त्याला रोममध्ये भेटले होते आणि पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा निघाली. त्याबद्दल कोणीच

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मुंजे यांच्या इटली भेटीवर स्वतंत्र धागा काढावा, जरूर चर्चा करावी. इथे स्पेन.

पॉपकॉर्नवाला

अरेरे. आत्ताच तर बसलो होतो.

पाटावरवंटा

आलो परत. मुलाचं सांगणार होतात.

ओसरीवरचा

सांगतो. होसे आंतोनिओ हा वकील. राजकारणात उतरला तो बापाच्या बदनामीला उत्तर द्यायला. ऑक्टोबर १९३३ मध्ये तो रोमला जाऊन मुसोलिनीला भेटला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला माद्रिदच्या कोमेदिया नाट्यगृहात फालांखेची स्थापना झाली. निळे शर्ट, उंचावलेला हात, मेलेल्या साथीदाराचं नाव पुकारून 'हजर!' म्हणायचा विधी, हे सगळं तिकडचं. बोधचिन्ह मात्र जोखड आणि बाण, म्हणजे पंधराव्या शतकातल्या इसाबेला-फेर्नांदो यांच्या काळातलं. मुसोलिनीने रोमन दंडांची मोळी उचलली, यांनी आपलं मध्ययुग उचललं. १९३५ मध्ये त्याला इटलीच्या पॅरिसमधल्या वकिलातीमार्फत दरमहा ५०,००० लिरा मिळू लागले.

एक गोष्ट लक्षात घ्या, इटलीने पैसे एकट्या त्याच्यावर लावले नव्हते. ३१ मार्च १९३४ ला स्पेनमधले राजनिष्ठ आणि कार्लवादी (राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेला मानणारे) पुढारी रोमला मुसोलिनीला भेटले, तेव्हा त्यांना रायफली, हातगोळे, २०० मशीनगन आणि १५ लाख पेसेटा देण्याचं कबूल झालं. यांच्यात फॅसिस्ट कोणीच नव्हतं. मुसोलिनीला विचारसरणीपेक्षा भूमध्य समुद्रात फ्रान्सला शह देणारा स्पेन जास्त हवा होता. १९२६ च्या ऑगस्टमध्ये प्रिमोशी मैत्रीचा तह केला तोही त्याच हिशेबाने. तो तह फारसा फळला नाही, कारण मोरोक्कोत प्रिमोला फ्रान्सशिवाय गत्यंतर नव्हतं. १९२५ मध्ये तिथल्या आलुसेमासला समुद्रातून फौज उतरवली तीही फ्रेंचांच्या मदतीनेच.

शंकासुर

आणि फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत या फालांखेला एकही जागा नाही. शून्य. तेव्हा 'फ्रँकोला तयार पक्ष मिळाला' असं पुढे म्हणणार असाल तर आत्ताच सांगून ठेवतो.

एब्रोकाठ

सारागोसातून लिहितोय, नोकरीनिमित्त इथे असतो. 'प्रभाव' शब्द फार मऊ वाटतो हो. इथे सान आंतोनिओ चर्चच्या मनोऱ्यात इटालियन सैनिकांच्या अस्थी ठेवल्या आहेत, भिंतीभर नावं. उत्तरेत एस्कुदो खिंडीत त्यांच्यासाठी बांधलेला चक्क पिरॅमिड आहे, दारावर मुसोलिनीच्या नावातला भला मोठा एम.

गृहयुद्ध पेटल्यावर जुलै १९३६ च्या शेवटी मुसोलिनीने फ्रँकोसाठी पाठवलेली १२ सावोया बॉम्बर विमानं निघाली, त्यातली ९ मोरोक्कोत पोचली. फ्रँकोची फौज तेव्हा समुद्रापलीकडे अडकलेली होती. पुढे एकूण सत्तर हजारांहून अधिक इटालियन सैनिक आले. मार्च १९३७ मध्ये ग्वादालाहाराला त्यांनी मार खाल्ला, आणि समोर लढणाऱ्यांत गारिबाल्दी बटालियनचे फॅसिझमविरोधी इटालियनच होते. मार्च १९३८ मध्ये मायोर्काहून उडून बार्सिलोनावर तीन दिवस बॉम्ब टाकले तेही यांनीच. या सगळ्याचं बिल शेवटी ५ अब्ज लिरांवर तुटलं आणि स्पेन ते १९६७ पर्यंत फेडत होतं! मुसोलिनीला मिलानमध्ये उलटा टांगून बावीस वर्षं झाली होती, आणि हप्ते घेत होतं इटलीचं प्रजासत्ताक.

पाटावरवंटा

१९६७?! हे माहीत नव्हतं. वाखूसाठवली.

जुनी वही

अवांतर, पण आपल्या कामाचं. बार्सिलोनावर बॉम्ब पडत होते त्याच वर्षी जूनमध्ये नेहरू तिथे जाऊन आले, सोबत कृष्ण मेनन. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ मध्ये चीनला गेले, त्याचे प्रमुख डॉ. मदनमोहन अटल स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमी सैनिकांवर उपचार करून आले होते.

हिशेबतपासणी

सगळे शर्ट आणि सलाम यांच्यावरच बोलतायत. इटलीचा खरा ठसा कचेऱ्यांत बघा.

मार्च १९३८, युद्ध चालू असताना, फ्रँकोची श्रम सनद 'फुएरो देल त्राबाखो'. नमुना मुसोलिनीची १९२७ ची सनद. मालक-कामगार एकाच उभ्या संघटनेत, संप म्हणजे देशद्रोह. ही सरकारी संघटना १९७७ पर्यंत होती. १९४२ मध्ये केलेली संसदही कुटुंब, नगरपालिका, संघटना अशा गटांची, इटलीच्या १९३९ च्या सभागृहाची आठवण करून देणारी.

माझी आवडती गोष्ट वेगळीच. मंदीत बुडालेल्या बँकांकडचे कारखाने ताब्यात घ्यायला इटलीने १९३३ मध्ये 'इरी' नावाची सरकारी कंपनी काढली. १९४१ मध्ये फ्रँकोने तिच्या धर्तीवर 'इनी' काढली, प्रमुख त्याचा लहानपणापासूनचा मित्र सुआन्सेस. मुसोलिनी गेला, युद्ध संपलं, सप्टेंबर १९४५ मध्ये फ्रँकोने हात उंचावायचा सलाम गुपचूप रद्द केला. इनी मात्र वाढतच गेली. १९५० मध्ये तिने 'सेआत' ही मोटार कंपनी स्थापली ती फियाटच्या परवान्यावर, आणि १९५७ पासून निघालेल्या छोट्या सेआत ६०० ने अख्खा मध्यमवर्ग चाकांवर आणला. स्पेनमधल्या म्हाताऱ्यांना इटलीचा प्रभाव विचारा, निम्मे लोक या गाडीबद्दल बोलतील.

मूळ लेखात प्रिमोच्या १९२७ च्या सरकारी तेल कंपनीचा, 'काम्प्सा'चा, उल्लेख हवा होता. अर्थमंत्री काल्वो सोतेलोने परदेशी तेल कंपन्यांना बाहेर काढलं. सरकारी भांडवलशाहीची ती स्पेनमधली आधीची पायरी, आणि ती इटलीच्या इरीच्या सहा वर्षं आधीची.

एब्रोकाठ

+१. सेआत ६०० अजूनही जत्रेसारखी मिरवणूक काढून फिरवतात इथे.

मांडवीतीर

आणि राजाचं पुढे काय झालं? ज्याने हे सगळं घडवून आणलं तो?

ओसरीवरचा

ताई, एप्रिल १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं तसा आल्फोन्सो देश सोडून गेला. शेवटची वर्षं कुठे काढली असतील? रोममध्ये. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथल्याच हॉटेलात वारला. त्याचा नातू हुआन कार्लोस, पुढे १९७५ मध्ये राजा झाला तो, जन्मलाही रोममध्येच, जानेवारी १९३८ मध्ये. त्यांच्या दोघांच्या यजमानाला, म्हणजे मुसोलिनीला, १९४३ च्या जुलैत त्याच्याच राजाने घरी बसवलं. दोन्ही देशांत राजा शाबूत होता, आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द त्याचाच चालला. फ्रँकोने हे ओळखून डोक्यावर राजा ठेवलाच नाही. १९४७ मध्ये स्पेन राजेशाही असल्याचं जाहीर केलं, सिंहासन रिकामं, आणि कोणाला बसवायचं ते मी ठरवणार.

आता @शंकासुर, तुमचा शून्य जागांचा मुद्दा. तो बरोबरच आहे, आणि म्हणूनच १९३७ बघण्यासारखं आहे. युद्ध सुरू झाल्यावर फालांखेत स्वयंसेवकांची रीघ लागली होती. होसे आंतोनिओला प्रजासत्ताकाने २० नोव्हेंबर १९३६ ला आलिकान्तेत गोळ्या घातल्या होत्या. म्हणजे माणसं भरपूर आणि म्होरक्या नाही. मार्च १९३७ मध्ये मुसोलिनीचा दूत फारिनाच्ची आला आणि त्याने फ्रँकोला एकच पक्ष बांधायचा आग्रह धरला. फ्रँकोने १९ एप्रिलला फर्मान काढून फालांखे आणि कार्लवादी एकत्र कोंबले आणि प्रमुख म्हणून स्वतःचं नाव घातलं. फालांखेचा नवा पुढारी एदिया कुरकुरला, तर त्याला फाशीची शिक्षा सुनावली, मग ती कमी करून तुरुंगात ठेवलं. सल्ला इटलीचा होता खरा. पण इटलीत पक्षाची महापरिषद मुसोलिनीविरुद्ध मतदान करू शकली, तशी सोय फ्रँकोने कोणालाच ठेवली नाही.

शंकासुर

हे मान्य. मग तुमची 'आधी सत्ता, मग पक्ष' ही ओळ प्रिमोपेक्षा फ्रँकोलाच जास्त लागू पडते, फक्त मधे गृहयुद्ध घालावं लागतं. प्रिमोने माणसं मारून सत्ता टिकवली नाही. लेखक-तत्त्वज्ञ उनामुनोला फुएर्तेव्हेन्तुरा बेटावर धाडलं, वर्तमानपत्रांना रात्री-अपरात्री स्वतः लिहिलेली निवेदनं छापायला लावली, आणि राजकीय विरोधकांना दंड ठोकले. पोकळ पक्षाला धार येते ती रक्तपातानंतर.

ओसरीवरचा

धार आली हे खरं, पण फ्रँकोच्या पक्षाची नंतर काय गत झाली तेही बघा. १९४५ नंतर जर्मनी-इटलीचं ओझं नको म्हणून त्याला मागे सारलं. १९५७ च्या मंत्रिमंडळात अर्थव्यवस्था ओपस देई या कॅथलिक संघटनेच्या हिशेबनीसांकडे गेली, १९५९ च्या स्थिरीकरण योजनेने फालांखेचं स्वयंपूर्णतेचं स्वप्न मोडीत काढलं. नाव बदलून नुसतं 'मोविमिएन्तो', म्हणजे चळवळ, राहिलं. कारकून, पेन्शन, सभागृहं, वर्तमानपत्रं असा सगळा बाडबिस्तरा होता. फ्रँको गेल्यावर दीड वर्षाने, एप्रिल १९७७ मध्ये, सुआरेझच्या सरकारने फर्मान काढून ते बंद केलं आणि नोकरवर्ग दुसऱ्या खात्यांत वळता केला. हा सुआरेझ पंतप्रधान होण्याआधी त्याच मोविमिएन्तोचा सरचिटणीस होता.